आभाळावर लिहिलेली मुंबई

साडेपाच इंच बाय साडेतीन. एवढ्याशा पुठ्ठ्यावर जुन्या मुंबईचा अख्खा रस्ता मावतो. पाव आण्याचं सरकारी पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली आलं; चित्रांची कार्डं फोफावली ती १९००च्या आसपास. फोटो इथला, छपाई पुष्कळदा जर्मनीतली. रंग भरणाऱ्याने मुंबई कुठली पाहायला! म्हणून ऐन पावसाळी गावाचं आभाळही निळंशार.

आणि त्या आभाळावर पत्र. कारण सुरुवातीला कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पत्त्याशेजारी मजकूर लिहायला ब्रिटनने १९०२ साली परवानगी दिली. त्याआधीच्या कार्डांवर बोरीबंदरच्या घुमटाभोवती आगबोटीची तारीख, तब्येतीची चौकशी, उकाड्याची तक्रार असं काहीबाही गिचमिडलेलं सापडतं. विक्रेते अशा कार्डाची खराब म्हणून किंमत पाडतात. मी मुद्दाम तीच उचलतो.

कार्डाचं वय ठरवताना टपालाच्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नये. एकच फोटो वर्षानुवर्षं विकला जाई. रस्ताच वाचावा. ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर फोटो साधारण १९०७च्या आधीचा. त्या वर्षी मे महिन्यात विजेची ट्राम सुरू झाली. ताज उभं आहे पण गेटवेचा पत्ता नाही, तर १९०३ ते १९२४च्या मधला.

काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलची कार्डं मात्र भिंग घेऊन बघावीत. ओतीव लोखंडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडात घडवून आणला आणि १८६९पर्यंत इथे उभा केला. सज्जांच्या ओळी, खाली व्हिक्टोरिया घोडागाड्या, एखादा गाडीवान पेंगलेला. आत फक्त युरोपियनांना प्रवेश; वाढायला बायकाही इंग्लंडहून आणलेल्या. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं इथेच दाखवली गेली. यातलं आतलं काहीच कार्डावर नाही. ज्यांना दार बंद होतं ते, गाडीवान आणि पाटीवाला हमाल, तेवढे नेमके चित्रात आले. छायाचित्रकाराला इमारत हवी होती, माणसं फुकटात मिळाली.

हॉटेलांचा आणि पिण्याच्या जागांचा इतिहास या कार्डांवर असा अर्धाच आहे. वॉटसन्स, ताज, त्याच्या शेजारचं ग्रीन्स, सगळी साहेबी ठिकाणं. गिरणगावातला ताडीचा गुत्ता छापलेलं कार्ड निदान माझ्या पाहण्यात नाही. साहेब घरी पाठवणार ती मुंबई वेगळी होती. एरवी चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी कार्डांसाठी इथली साधी माणसं रेखाटली, म्हणून बरं.

ग्रीन्स पाडलं गेलं. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत गेला. वॉटसन्सची इमारत मोडकळीला येऊन २०१९मध्ये रिकामी झाली.

तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत अशी कार्डं निघाली, तर तिकीट सोडवायला पाण्यात भिजवू नका. शाई फुटते, आणि पत्र जातं.