अंक जप्त, मजकूर पसार!

भारतातला पहिला छापखाना उतरला तो गोव्यात, १५५६ साली. इतकी आघाडी घेतल्यावर पुढं काय व्हावं? १७५४ मध्ये लिस्बनहून हुकूम सुटला: गोव्यात छापखाना नको! गंमत अशी की पेडणे आणि डिचोली हे आजचे गोव्याचे तालुके मूळचे सावंतवाडीकर भोसल्यांचे. पुढं डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. नव्या राजवटीबरोबर छापबंदीही आंदण मिळाली.

गोव्याचं पहिलं वृत्तपत्र 'गॅझेता द गोवा' २२ डिसेंबर १८२१ रोजी निघालं. पत्र सरकारी, आणि १८२६ मध्ये ते बंद केलं तेही सरकारनंच. ना धाड, ना वॉरंट. मालकानंच दुकान बंद केलं तर तक्रार कुणाकडे करणार?

ब्रिटिश मुलखात जप्तीपेक्षा जामिनाचा धाक मोठा. १९१० च्या प्रेस कायद्यानं पाचशे ते दोन हजार रुपये आधी ठेवून घ्यायचे आणि मजकूर खटकला की ते खिशात घालायचे, अशी सोय करून ठेवली. शिवरामपंत परांजप्यांचा 'काळ' त्याच वर्षी जामिनाच्या मागणीपायी बंद पडला.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गोव्यातल्या राजवटीला तर जप्तीचीही फारशी गरज उरली नाही, कारण कात्री छपाईच्या आधीच चालायची. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे! वधूवरांच्या नावांत कसला राजद्रोह दडलेला असायचा, देव जाणे. गोव्यातले पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं 'प्रकाश' १९३७ मध्ये बंद पाडण्यात आलं. गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंनी तर सालाझारच्याही आधी, १९१२ मध्ये 'भारत' हे मराठी साप्ताहिक काढलं आणि त्यापायी खटल्यांमागून खटले झेलले.

यावरचा सगळ्यात झकास तोडगा निघाला पेडण्यापलीकडच्या सह्याद्रीत. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चोरटं रेडिओ केंद्र चालवलं, पुढं ते कॅसलरॉकला हललं. कागद नाक्यावर पकडता येतो. हवेतून आलेला आवाज पोलीस कुठल्या पिशवीत शोधणार? त्यातही मौज म्हणजे लिबियाबाई दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या सेन्सॉर कचेरीत इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासायच्या. सेन्सॉरचं डोकं कसं चालतं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसणार. २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता आजचं. पेडण्याच्या एखाद्या स्टॉलवरचा गठ्ठा पोलिसांनी नुसता मनात आलं म्हणून उचलला, तर चालतं का? मुळीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ प्रमाणे (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५) आधी राज्य सरकारनं कारणं देऊन अधिसूचना काढायची. त्यानंतर मात्र प्रती देशात कुठंही सापडोत, पोलीस त्या जप्त करू शकतात. दुकानात किंवा घरात शिरून झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्याचं वॉरंट हवं, आणि झडतीला जाणारा अधिकारी किमान फौजदार हवा. हवालदाराला धाडून भागत नाही.

ज्याची प्रत गेली, तो दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथं एकटेदुकटे न्यायाधीश नाही, तर तिघांचं खास पीठ बसतं. हे कागदावरचं शोभेचं कलम समजू नका. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर महाराष्ट्र सरकारनं घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयानं याच वाटेनं २००७ मध्ये उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पुस्तक कितीही वादग्रस्त असो, सरकारी हुकूम कायद्यात बसला नाही.

नोंदणी न करता नियतकालिक काढणं हा वेगळा मामला. १८६७ चा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला आणि बहुतेक चुका दंडावर निभावतात. बंद करण्याचा आदेश मिळूनही सहा महिन्यांत छपाई थांबवली नाही, तरच तुरुंगाची पाळी येते.

तेव्हा उद्या सकाळी पेपर हातात आला की राशिभविष्याआधी मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाच्या नावांची ती बारीक ओळ शोधा. अंकाला कुणी वाली आहे की नाही, ते तिथंच कळतं.