लँडिंग सोपं, टॅक्सी कठीण!

जानेवारी महिना, सकाळी दहाला दिल्लीत मीटिंग आणि त्यासाठी मुंबई किंवा पुण्याहून पहाटेची पहिली फ्लाइट. हे कॉम्बिनेशन ज्यांच्या नशिबी येतं त्यांना पुढची अनाउन्समेंट तोंडपाठ असते. दिल्लीत धुकं, उड्डाण लेट! मग ठरलेला कार्यक्रम. काउंटरवरच्या मुलीवर डाफरायचं, बॉसला मेसेज टाकायचा, अव्वाच्या सव्वा किमतीची कॉफी घ्यायची. आणि रांगेतले एक सर्वज्ञ काका हमखास म्हणणार, "अहो, हल्ली विमानं आपोआप उतरतात. मग अडतं कुठे?"

अडतं जमिनीवर.

काका अर्धे बरोबर आहेत. दिल्लीच्या विमानतळावर 'कॅट थ्री-बी' नावाची यंत्रणा आहे. विमान त्या तोडीचं असेल आणि वैमानिकांनी तसं ट्रेनिंग घेतलेलं असेल, तर रनवेवर फक्त 50 मीटरपर्यंतचं दिसत असतानाही उतरता येतं. एअरबस ए-320 ची लांबी असते साडेसदतीस मीटर. म्हणजे समोर एक विमान उभं केलं तर त्याच्या पलीकडचं जेमतेम दिसेल, एवढ्या धुक्यात ऑटोपायलट आपल्याला अलगद रनवेवर टेकवतो. ग्रेटच! पण रनवेपासून गेटपर्यंतचा जो प्रवास आहे (त्याला टॅक्सी म्हणतात, काळी-पिवळीशी संबंध नाही), तो ऑटोपायलट करत नाही. तिथे कॅप्टनच्या हाताशी एक छोटं चाक असतं, मांडीवर विमानतळाचा नकाशा असतो आणि बाकी भिस्त डोळ्यांवर.

त्यात टेकऑफला आपल्याकडे 125 मीटर दृश्यता लागते. म्हणजे उतरण्यापेक्षा जास्त! साहजिकच उतरलेली विमानं उडू शकत नाहीत, पार्किंग रिकामं होत नाही, येणाऱ्यांना जागा उरत नाही. म्हणून तुम्हाला मुंबईतच बसवून ठेवतात. दिल्लीवर घिरट्या घालण्यापेक्षा ते बरं.

जगातला सर्वांत भीषण विमान अपघातही जमिनीवरच झाला होता. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. एक टेकऑफसाठी सुटलं होतं, दुसरं त्याच रनवेवर बाहेर पडायचं वळण शोधत होतं.

पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करते ती डेट्रॉइटची गोष्ट. कारण ती थेट आपल्या ऑफिसातली वाटते.

3 डिसेंबर 1990. दाट धुकं. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक डीसी-9 पिट्सबर्गला निघालं होतं. कॅप्टन अनेक वर्षांच्या वैद्यकीय रजेवरून परतलेला, देखरेखीशिवाय त्याची ही पहिलीच फ्लाइट. शेजारचा को-पायलट मात्र कॉन्फिडंट! डेट्रॉइट आपल्या माहितीतलं आहे, असं त्याने सांगितलेलं. कॅप्टन बिचारा त्याच्या भरवशावर चालत राहिला. एक वळण चुकलं. मग आणखी एक. आपण नेमके कुठे आहोत हे दोघांनाही कळेनासं झालं, पण विमान थांबलं नाही आणि 'आम्ही हरवलो' हे टॉवरला वेळेवर कोणी सांगितलं नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ते चालू रनवेवर उभे होते. कंट्रोलर म्हणाला, ताबडतोब बाहेर पडा. तेवढ्यात त्याच कंपनीचं बोइंग 727 टेकऑफसाठी धावत धुक्यातून बाहेर आलं आणि त्याचा पंख डीसी-9 ला चिरत गेला. डीसी-9 मधले आठ जण गेले.

चौकशी अहवालाने नेमकं बोट ठेवलं : या दोघांच्या भूमिकांची जवळजवळ अदलाबदल झाली होती. कॅप्टन नावाला, गाडी हाकणारा भलताच. नवा प्रोजेक्ट, 'हो हो, मला माहितेय' म्हणणारा कलीग आणि विचारायला संकोचणारा सीनियर... ओळखीचं वाटतंय ना?

अर्थात दोष नेहमी माणसांच्या स्वभावाचा नसतो. मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 च्या सकाळी एका छोट्या सेसना जेटला आर-5 रस्त्याने जायला सांगितलं होतं, ते गेलं आर-6 ने. त्यांनी वाटेत दिसलेली एक खूण रेडिओवर सांगितली, पण ती खूण मुळात कंट्रोलरच्याच माहितीत नव्हती! जमिनीवरची विमानं दाखवणारा जुना रडार बंद केलेला, नवा आलेला पण बसवलेला नाही. कंट्रोलर धुक्यात फक्त आवाज ऐकत होता. सेसना थेट रनवेवर गेलं, टेकऑफ घेणाऱ्या एसएएसच्या विमानाला धडकलं. एकूण 118 मृत्यू, त्यातले चार तर सामानाच्या हँगरमध्ये काम करणारे. खोक्यात पडून राहिलेल्या यंत्रणेचा मला जितका राग येतो, तितका त्या वैमानिकांचा येत नाही.

दिल्लीत आज टॉवरमधल्या स्क्रीनवर जमिनीवरचं प्रत्येक विमान त्याच्या नावानिशी दिसतं. धुक्याच्या मोसमात तिथे कॅट थ्रीचं ट्रेनिंग घेतलेलेच वैमानिक पाठवा, असा डीजीसीएचा एअरलाइन्सना आग्रह असतो. टॉवरने दिलेली सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची, हा नियम तर जगभर आहे.

बाकीची भाषा रंगांची. पुढच्या वेळी विंडो सीट मिळाली तर मोबाइल खाली ठेवा आणि बघा. टॅक्सीवेच्या मध्यावर हिरवे दिवे, कडेला निळे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे 'तू इथे आहेस', पिवळ्या पाटीवर काळं म्हणजे 'तिकडे जायचंय तर इकडे वळ'. लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की पुढे रनवे. तिथे जमिनीत लाल दिव्यांची आडवी रांग असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती पेटलेली असताना ओलांडायची नाही. परवानगी मिळते तेव्हा टॉवर ती विझवतो. बर्फाच्या देशांत तर जमिनीवर रंगवलेल्या रेघा बर्फाखाली जातात, तेव्हा या दिव्या-पाट्यांचाच आधार.

आणि तरीही वैमानिकाला खात्री वाटली नाही, तर तो विमान जागेवर थांबवतो आणि जीप मागवतो. तिच्यावर लिहिलेलं असतं 'फॉलो मी'. मग कोट्यवधींचं ते जेट त्या जीपच्या मागून इतकं हळू सरकतं की सायकलवालाही पुढे निघून जाईल. केबिनमध्ये कोणीतरी कंटाळून उसासा टाकतं, कोणीतरी घड्याळ बघतं. मला मात्र विमानप्रवासातली हीच पंधरा मिनिटं सगळ्यात भारी वाटतात.