मर्लिन म्हणतं तांबट, पण तुम्ही पाहिला का?

फेब्रुवारी संपत आला की पुण्या-मुंबईत एक आवाज वाढत जातो. टुक्-टुक्-टुक्, अगदी एका लयीत, कुणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय असा. हा तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. आवाज अख्ख्या सोसायटीला ऐकू जातो, पक्षी मात्र दिसत नाही. हिरव्या पानांत हिरवाच पक्षी, त्यात ओरडताना मान इकडे-तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही.

मग आपण काय करतो? फोन काढतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं ‘मर्लिन बर्ड आयडी’ हे ॲप फुकट आहे. भारतातल्या पक्ष्यांचा पॅक एकदा डाऊनलोड केला की नेट नसतानाही चालतं. २०२१ मध्ये त्यात आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आली. बटण दाबा, फोन धरा, नाव येतं. जादूच वाटते.

ॲप ऐकत नाही, बघतं

गंमत अशी की हे ॲप आपल्यासारखं ‘ऐकत’ नाही. ते आवाजाचं आधी चित्र करतं. त्याला म्हणतात स्पेक्ट्रोग्राम. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जितका आवाज मोठा तितका रंग गडद. रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रीनवर सरकत जातं ते हेच. तांबट सुरू असेल तर खालच्या भागात सारख्या अंतरावर एकसारखे ठिपके पडत जातात. कोकिळाच्या ‘कुहू’ची रेघ वर चढत जाते (ओरडतो तो नर, काळा, ठिपकेवाली मादी ‘किक्-किक्’ करते, कवींनी उगाच तिला गायला लावलंय). दयाळाचं गाणं म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

यापुढचं काम फोटोतली मांजर ओळखण्यासारखंच. मॉडेलने माणसांनी नाव लावून दिलेली हजारो रेकॉर्डिंग पाहिलेली असतात. नवीन चित्र त्यातल्या कशाशी जुळतं याचा ते अंदाज बांधतं. सोबत तुमचं ठिकाण आणि तारीखही बघतं, कारण मार्चमध्ये पुण्यात कोणते पक्षी असण्याची शक्यता आहे याची यादी त्याच्याकडे असते.

म्हणजे स्क्रीनवर आलेलं नाव हा अंदाज आहे, आणि तो चुकू शकतो. खारीचंच घ्या. झाडावर बसून तासभर ‘चिक्-चिक्-चिक्’ करणारी खार ऐकून भल्याभल्यांना पक्षी वाटतो. मर्लिन पक्ष्यांसाठी बनलंय, त्यामुळे ‘ही खार आहे’ असं ते सांगणारच नाही. गप्प बसेल, नाहीतर जवळपासच्या एखाद्या पक्ष्याचं नाव पुढे करेल. दयाळ तर दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. तिथे मॉडेल फसलं तर त्याला दोष कसा देणार?

आता खरा घोळ

चुकीचं नाव तुमच्याच फोनमध्ये राहिलं तर काही बिघडत नाही. पण तेच नाव ‘ईबर्ड’वरही नोंदवता येतं. ईबर्ड हा २००२ पासून चालू असलेला पक्षी-नोंदींचा डेटाबेस. संशोधक तो वापरतात. आणि मर्लिनची ‘इथे काय असू शकतं’ ही यादी बनते ईबर्डच्याच नोंदींवरून! म्हणजे ॲपने अंदाज केला, तुम्ही न बघता ईबर्डवर नोंदवला, आणि तोच अंदाज पुरावा म्हणून परत ॲपकडे गेला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशा चक्राला फार घाबरतो. विचित्र नोंदी तपासायला ईबर्डवर स्वयंसेवक आहेत, पण नेहमीच्या पक्ष्याची चुकीची नोंद सहज निसटते. म्हणूनच ईबर्ड सांगतं: स्वतः खात्री केलेलाच पक्षी नोंदवा. नाव आलं की मान वर करा आणि झाडाकडे बघा. तांबट बहुतेक वेळा वाळक्या फांदीच्या टोकावर सापडतो.

सुरुवात करायला काटेसावरीचं झाड उत्तम. या दिवसांत पान एक नसतं, नुसती लाल फुलं. मध प्यायला बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, खारी सगळे येतात आणि लपायला जागा नसते. भोरड्यांचे थवेही असतात. गुलाबी अंग, काळं डोकं. ते आता मध्य आशियाकडे परत निघायच्या तयारीत असतात, तेव्हा एप्रिलची वाट बघू नका.

रेकॉर्डिंग ॲपमध्येच करा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट माणसाच्या बोलण्यासाठी दाबून छोटी केलेली असते, बारीक किलबिल त्यात पुसट होते. फोनवर बोटं घासू देऊ नका, एसीच्या युनिटपासून लांब उभे राहा. संध्याकाळी दिव्याभोवती फिरणारी छोटी वटवाघळं मात्र विसरा. त्यांचे बहुतेक आवाज २० किलोहर्ट्झच्या वर असतात, साध्या फोनला ते पकडता येत नाहीत.

खार, फुलपाखरू, झाड यांच्यासाठी ‘आयनॅचरलिस्ट’ वापरा. तिथेही आधी ॲपच नाव सुचवतं, पण नोंद पक्की व्हायला किमान दोन जणांचं एकमत लागतं.

घरटं दिसलं तर

हे दिवस घरट्यांचे. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो खाणं-पिणं सोडून भांडायला येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर संरक्षित पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विस्कळीत करणं ‘शिकारी’च्या व्याख्येत येतं.

घरट्याचा फोटो शेअर करतानाही जपून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फोटोसोबतच जातं. आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जिओप्रायव्हसीमध्ये ‘ऑब्स्क्युअर्ड’ निवडा. मग नकाशावर नेमका ठिपका न दिसता साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दिसतो. तुमच्या स्वतःच्या गॅलरीतल्या खिडकीत कबुतराऐवजी दयाळाने घर केलं असेल, तर हीच सेटिंग तुमच्या घराचा पत्ताही झाकते.