भूकंपानंतरची वीज

२१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहा वाजून आठ मिनिटांनीं हिंगोली जिल्ह्यांतील जमीन हादरली. अकरा मिनिटांनीं दुसरा धक्का बसला. पहिल्याचें माप ४.५ व दुसऱ्याचें ३.६ भरलें. शेजारच्या नांदेड व परभणी जिल्ह्यांतहि लोक घराबाहेर आले. त्याच वर्षीं १० जुलैच्या सकाळीं पुन्हा ४.५ मापाचा धक्का झाला. मोठी हानि झाली नाहीं. तथापि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीनें काय भोगलें, तें मराठवाड्यास विसरतां येण्याजोगें नाहीं. मार्चच्या धक्क्यानंतर, घराच्या पत्र्यांवर वजनासाठीं ठेवलेले दगड काढून घ्यावेत, अशी सूचना अधिकाऱ्यांनीं लोकांस केली. सूचना साधी, पण भूकंपापासून बचाव करण्याचें बरेंचसें शास्त्र तींत आलें आहे. जमिनीच्या हालण्यानें माणूस क्वचितच मरतो. त्यानें स्वतः डोक्यावर रचून ठेवलेलें ओझें त्याचा घात करतें.

जें घराचें, तेंच मोठ्या वीजकेंद्राचें. हिंगोली जिल्ह्यांत अणुभट्टी नाहीं. औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथें व्हावयाची लायगो-इंडिया ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या कक्षेंतील असली, तरी ती गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा आहे. तेथें वीज निर्माण व्हावयाची नाहीं. परंतु हिंगोलीच्या घरांतला दिवा अमुकच केंद्राच्या विजेवर जळतो, असें कोणासहि सांगतां येणार नाहीं. परळीचा कोळसा, कोयनेचें पाणी आणि तारापूरची अणुशक्ति यांपासून होणारी वीज एकाच जाळ्यांत मिसळते. म्हणून त्या जाळ्यांतील एखाद्या अणुकेंद्राखालची भूमि हादरली, तर पुढें काय करावयाचें, हा प्रश्न एकट्या तारापूरचा राहात नाहीं.

भट्टी बंद करणें हें काम त्यांतल्या त्यांत सोपें. नियंत्रक कांड्या इंधनांत शिरतांच अणुभंगाची सांखळी कांहीं सेकंदांत तुटते. पण चुलींतलें लाकूड ओढून घेतल्यावरहि निखारे धगधगत राहावेत, तसें येथें घडतें. अणू फुटून निर्माण झालेले पदार्थ स्वतःच उष्णता देत राहतात, आणि ती थांबविण्याची कळ कोणत्याहि यंत्रास नाहीं. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीची वीज देण्याची शक्ति प्रत्येकी ५४० मेगावॅट आहे. तेवढी वीज काढण्यास भट्टींत तिच्या तिपटीहून अधिक उष्णता निर्माण व्हावी लागते. भट्टी थांबल्याच्या क्षणीं या उष्णतेचा सुमारें सहा टक्के भाग, म्हणजे जवळजवळ १०० मेगावॅट, शिल्लक असतो. तासाभरानें तो दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या. पण हा अर्धा टक्काहि आठ मेगावॅटहून कमी नसतो. पाणी फिरत राहिलें नाहीं, तर एवढ्यानेंहि इंधन तापून वितळूं शकतें.

हें पाणी फिरविणारे पंप विजेवर चालतात. भट्टी थांबल्यामुळें केंद्राची स्वतःची वीज संपलेली असते. बाहेरून येणाऱ्या तारांवर भिस्त ठेवावी, तर भूकंपांत उपकेंद्रांतील चिनी मातीचे विरोधक फुटतात, रोहित्रें जागचीं सरकतात आणि त्या तारा निकामी होतात. मग केंद्रांतील डिझेल जनित्रें व विजेऱ्या एवढाच आधार उरतो. एरव्हीं लाखो घरांस वीज देणारें केंद्र अशा वेळीं स्वतःच विजेचें याचक होतें. भूकंपानंतरच्या साऱ्या व्यवस्थेचें मर्म हेंच आहे कीं, वीज घेण्यांत अणुकेंद्राचा क्रम पहिला असावा आणि देण्यांत शेवटचा.

११ मार्च २०११ रोजीं जपानांतील फुकुशिमा दाइइची केंद्रांत हेंच मर्म उघडें पडलें. ९.० मापाच्या भूकंपानें चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या नियमाप्रमाणें थांबल्या. बाहेरच्या तारा तुटल्या, तेव्हां डिझेल जनित्रेंहि नियमाप्रमाणें सुरू झालीं. परंतु पाऊण तासाहून थोड्या अधिक अवधीनें समुद्राची प्रचंड लाट आली आणि तळघरांतील जनित्रें व वीज वांटणारे फलक पाण्याखालीं गेले. कामगारांनीं मोटारींच्या बॅटऱ्या जोडून मापकांवरचे आंकडे वाचले. आगीच्या बंबांनीं समुद्राचें पाणी भट्ट्यांत सोडलें. तरीहि तिन्ही भट्ट्यांतील इंधन वितळलें. त्याच आवारांतील पांचवी व सहावी भट्टी मात्र वांचली, कारण तेथें उंचावर बसविलेलें व हवेनें थंड होणारें एक जनित्र चालू राहिलें होतें. एका यंत्राची जागा योग्य असल्यानें दोन भट्ट्यांचें रक्षण झालें.

भारतासहि या प्रसंगाची चुणूक भूकंपावांचून मिळाली आहे. ३१ मार्च १९९३ रोजीं उत्तर प्रदेशांतील नरोरा केंद्रांत टर्बाइनचें पातें तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारें सतरा तास विजेवांचून राहिलें. डिझेलवर चालणाऱ्या आग विझविण्याच्या पंपांनीं पाणी पुरविलें, आणि ऊन पाणी वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें, या निसर्गनियमानें भट्टींतला प्रवाह चालू ठेवला. भट्टी बचावली. फुकुशिमानंतर भारतीय केंद्रांची फेरतपासणी झाली, तेव्हां बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणि जादा जनित्रें यांवर भर देण्यांत आला, तो याच अनुभवास धरून होता.

केंद्र सुरक्षित राहिलें, तरी विजेचा प्रश्न सुटत नाहीं. जपानांतील काशिवाझाकी-कारिवा या सात भट्ट्यांच्या केंद्रास १६ जुलै २००७ रोजीं भूकंपाचा तडाखा बसला. एका रोहित्रानें पेट घेतला. चालू भट्ट्या मात्र सुखरूप थांबल्या. तरीहि तपासणी, दुरुस्ती व बळकटीकरण यांत जवळजवळ दोन वर्षें गेलीं आणि पहिली भट्टी २००९ सालींच पुन्हा चालू झाली. हा विलंब आळसाचा नव्हता. न दिसणारी चीर शोधल्यावांचून भट्टी पेटविणें म्हणजे पत्र्यावरचा दगड पुन्हा जागच्या जागीं ठेवणें होय.

महाराष्ट्रास हा धडा पाण्यावरच्या विजेनें आधींच दिला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या भिंतीस चिरा गेल्या, पण धरण उभें राहिलें. वीजगृह मात्र थांबलें, आणि दोनशें किलोमीटरांहून दूर असलेल्या मुंबईचे दिवे व कारखाने बंद पडले.

एका केंद्राच्या थांबण्यानें एवढा अंधार कां पडावा? विजेचा सांठा जाळ्यांत फारसा राहात नाहीं. जेवढी खपते, तेवढी त्याच क्षणीं निर्माण व्हावी लागते. भारतांत विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. मोठें केंद्र अकस्मात् गळालें, कीं तीं मंदावूं लागतात. अशा वेळीं कांहीं भागाचा पुरवठा ताबडतोब तोडला नाहीं, तर उरलेलीं केंद्रेंहि एकामागून एक बंद पडतात. थोड्यांस घटकाभर अंधारांत ठेवून सर्वांचा अंधार टाळावयाचा, असा हा हिशेब आहे. टोकियोच्या परिसरांत १४ मार्च २०११ पासून पाळीपाळीनें वीज बंद ठेवावी लागली. पश्चिम जपानांत वीज होती. पण तेथील आवर्तनें ६० आणि टोकियोकडचीं ५० असल्यानें ती हवी तेवढी इकडे आणतां येईना.

जाळें सर्वस्वीं निजलें, तर त्यास जागविण्याचाहि क्रम आहे. जलविद्युत् केंद्रास आरंभीं बाहेरची वीज जवळजवळ लागत नाहीं. पाणी सोडलें, कीं चक्र फिरूं लागतें. तेथून निघालेली वीज प्रथम अणुकेंद्राच्या पंपांकडे, तशीच रुग्णालयें व पाणीपुरवठा यांकडे नेणें इष्ट. कोळशाचीं केंद्रें त्यानंतर हळूहळू चेततात, आणि घरांची पाळी मागाहून येते.

हा क्रम ज्या कुटुंबास ठाऊक असेल, तें अंधारांत उगाच चिडणार नाहीं. मेणबत्ती, विजेरी व पिण्याचें पाणी यांची तजवीज तें आधींच करून ठेवील; आपल्या गांवच्या रुग्णालयांतील जनित्र वेळच्या वेळीं चालवून पाहिलें जातें कीं नाहीं, अशी विचारपूसहि करील. भूकंप कोणत्या क्षणीं होईल, हें शास्त्रास अद्याप सांगतां येत नाहीं. परंतु जनित्र तळघरांत ठेवावें कीं उंचावर, आणि पत्र्यावरचा दगड तसाच राहूं द्यावा कीं उतरवावा, हें ठरविण्यास भूकंपाची वाट पाहावी लागत नाहीं.