माझा आदर्श दिवस : वसतिगृहातील एक लेखन-उपक्रम

पाली अट्ठकथांनी तथागतांच्या दिनचर्येचे पाच भाग सांगितले आहेत : भोजनापूर्वीचा काळ, भोजनोत्तर काळ आणि रात्रीचे तीन याम. सकाळी भिक्षाटन, दुपारनंतर लोकांस धम्मोपदेश, पहिल्या यामात भिक्खूंचे शंकानिरसन. हाच आराखडा देऊन आम्ही विद्यार्थ्यांकडून ‘माझा आदर्श दिवस’ लिहून घेतो.

अट एकच : वर्तमानकाळात लिहावे. ‘मी उठेन’ असे लिहिणारा मुलगा लवकरच निबंधातील सुविचारांकडे वळतो. ‘मी उठतो’ असे लिहिणाऱ्यास मात्र शेजारी कोण आहे, चुलीवर काय शिजते आहे, हे सांगावेच लागते.

कलेक्टर, डॉक्टर होण्याची स्वप्ने येतातच. परंतु अक्कलकुवा-धडगावकडील मुलांच्या पानांवर वारंवार भेटतो तो एक साधा दिवस : आईवडील घरी आहेत, ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले नाहीत. अशा पानांवर आम्ही शुद्धलेखनाची तांबडी शाई चालवीत नाही.

शेवटी प्रत्येकाने आजच साधेल अशा एका ओळीखाली रेघ ओढावयाची असते. कित्येकांनी ती ‘आईशी बोलतो’ या शब्दांखाली ओढली. तोडीच्या हंगामात रविवारी संध्याकाळी कार्यालयातील फोन मुलांसाठी मोकळा ठेवण्याची प्रथा तेव्हापासूनची.