कोरडा बोअर उघडा ठेवू नका

परभणीच्या काळ्या रानात पाण्यासाठी ठिकठिकाणी बोअर घेतात. पाणी लागले तर बरेच झाले. नाही लागले, तर कित्येक मालक आतला केसिंगचा पाइप उपसून घेतात आणि तोंडावर पोते टाकून घरी येतात. मंडळी, धोका इथेच आहे.

बोअरचे तोंड वीतभर. त्यातून पोर कसे जाईल, असे आपल्याला वाटते. पण लहान पोराचे अंग ते केवढे! पोत्यावर पाय पडला की ते सरळ खाली जाते. शिवाय आपली माती काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात ढासळते. पाइप काढला की तोंड रुंद होत जाते. वर गवत वाढले की काहीच दिसत नाही. आई कापूस वेचत असते आणि पोर तिथेच खेळत असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या थोरांदळे गावी, सहा वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला. तो दहा फुटांवरच अडकला होता. तरी त्याला जिवंत वर काढायला सुमारे सोळा तास लागले. असे का? अशा वेळी शेजारी खड्डा खणून आडवे जावे लागते. घाई केली तर माती पोरावर पडते. सगळीच मुले अशी वाचत नाहीत.

यासाठी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. ते सोपे आहेत.

बोअर घेण्याआधी किमान पंधरा दिवस सरपंचांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. काम चालू असता भोवती काटेरी तारेचे कुंपण करावे. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधावा. एक फूट जमिनीत, एक फूट वर. तोंडावर लोखंडी पत्रा वेल्डिंगने बसवावा, नाहीतर मजबूत झाकण नटबोल्टाने आवळावे. मोटर दुरुस्तीला काढली, तरी तोंड उघडे टाकू नये. कोरडा बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, खडे घालून बुजवावा. वरवर बुजवला तर पावसात भराव खाली बसतो.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुले सांभाळली. ‘तिकडे जाऊ नको’ म्हटले की मूल हटकून तिकडेच जाते, बरं का! म्हणून नुसत्या धाकावर विसंबू नका. झाकण आवळलेले असले, म्हणजे पोर वर उभे राहिले तरी भय नाही.

तुमच्या शिवारात उघडा बोअर कुठे आहे? उद्याच बघा. मालकाला सांगा. तो ऐकत नसेल, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. आता तुम्हाला लिहिता येते.