ध्यान शिकवणारा नेमके काय करतो? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोटी म्हटले की तांदळाच्या गिरण्या, भाताचा बाजार आणि मुंबई-आग्रा महामार्गावरची वर्दळ डोळ्यांपुढे येते. या गावापासून मुंबईच्या दिशेने जेमतेम दहा किलोमीटरवर, इगतपुरीत, विपश्यनेचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून उभे आहे. घोटीहून वैतरणामार्गे जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरला पोहोचतो. तिथे निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि नाथ परंपरेनुसार गहिनीनाथांनी त्यांना दीक्षा दिली ती तिथल्याच ब्रह्मगिरीच्या गुहेत. श्वास, शरीर आणि चित्त यांवर शिस्तीने काम करणाऱ्या दोन परंपरा घोटीच्या दोन बाजूंना नांदत आहेत. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून तिसरीही घरात आली आहे : ताई ची व छीगोंग या हालचाल आणि श्वासाच्या चिनी पद्धती, आणि चीनच्या ताओ पंथाची आंतरिक ऊर्जासाधना. तिन्ही परंपरा एक गोष्ट ठामपणे सांगतात, की हे काम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. ते का, याची जी उत्तरे लोकांत रुळली आहेत त्यांतली बरीचशी चुकीची आहेत. शिक्षकाची गरज खरी आहे, पण तो शिष्यात काही शक्ती ओततो म्हणून नव्हे. साधनेचे प्रमाण ठरवणे, येणाऱ्या अनुभवाचा अर्थ लावायला मदत करणे आणि वेळ आली की थांबवणे, हे त्याचे खरे काम. हे एकदा लक्षात आले की बाकीचे गैरसमज सोडवणे सोपे जाते.

गैरसमज : विपश्यना, कुंडलिनी, छीगोंग, सगळे शेवटी एकच

मुक्कामाचे ठिकाण एक असेल वा नसेल, रस्ते नक्कीच वेगळे आहेत. ताओ पंथाच्या आंतरिक साधनेत देहातले सत्त्व, प्राण आणि चित्त अशा तीन गोष्टींचे क्रमाक्रमाने रूपांतर करायचे असते. लक्ष बेंबीखालच्या भागात स्थिर केले जाते आणि पुढे प्राण पाठीच्या कण्यातून वर व शरीराच्या पुढच्या बाजूने खाली फिरतो अशी धारणा केली जाते. बाराव्या शतकात वांग छोंगयांग यांनी स्थापन केलेल्या छ्वेनचन संप्रदायाने या साधनेला मठाची शिस्त दिली. आज ज्याला छीगोंग म्हणतात त्याचे रूप मात्र बरेच आधुनिक आहे. १९५० च्या दशकात ल्यू क्वेइचन यांनी चीनमधल्या सरकारी आरोग्यधामांत ते उपचार म्हणून रुजवले. नाथपंथाच्या योगातही ऊर्जा वर नेण्याची भाषा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृतीचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध वर्णन सापडते. धम्मगिरीत शिकवली जाणारी विपश्यना यांपैकी काहीच करत नाही. तिथे श्वास रोखत नाहीत आणि वळवतही नाहीत. पहिले तीन दिवस नैसर्गिक श्वास फक्त पाहायचा आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना समभावाने पाहायच्या. ऊर्जा चढवणे हे तिथले उद्दिष्टच नाही. म्हणूनच शिबिराच्या काळात इतर सर्व साधना आणि उपचारपद्धती बाजूला ठेवाव्यात असा तिथला नियम आहे. एक पद्धत संवेदना घडवायला सांगते आणि दुसरी घडेल ते नुसते पाहायला. दोन्ही एकाच बैठकीत केल्या, तर आत जे चालले आहे ते आपण घडवतो आहोत की आपोआप घडते आहे, हे साधकालाच कळेनासे होते. कोणत्या पद्धतीत आपण आहोत आणि कोणत्या नाही, हे स्पष्ट ठेवणे हे शिक्षकाचे पहिले काम.

गैरसमज : गुरू आपली ऊर्जा शिष्यात सोडतो

या समजुतीची तपासणी झालेली आहे. १९८० च्या दशकात चीनमध्ये छीगोंगची लाट होती. मोठमोठ्या सभागृहांत गुरू व्यासपीठावरून ऊर्जा सोडत आणि श्रोते डोलत, रडत, थरथरत. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वैज्ञानिक संशयवाद्यांच्या एका पथकाने तिथे जाऊन साधी चाचणी घेतली. गुरूला रुग्णापासून दूर, दुसऱ्या खोलीत बसवले आणि त्याने ऊर्जा कधी सोडायची, कधी नाही, हे यदृच्छेने ठरवले. रुग्णाच्या हालचाली सुरू होत्या, पण गुरूच्या ऊर्जा सोडण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. रुग्ण नाटक करत होता असा याचा अर्थ नव्हे. शरीर खरोखर हलत होते. त्याला हलवणारी होती ती अपेक्षा. यावर असा आक्षेप येतो की आंतरिक अनुभव प्रयोगशाळेत मोजता येत नाही. तो मान्य केला तरी इथे लागू पडत नाही, कारण दावा आंतरिक अनुभवाचा नव्हता. एका माणसातून दुसऱ्यात काहीतरी बाहेरून जाते, असा तो दावा होता, आणि जे बाहेरून जाते ते तपासता येते. गुरूच्या सान्निध्यात शांत वाटणे, उमेद येणे हे खरे आहे आणि मोलाचेही. मात्र त्यासाठी अदृश्य प्रवाह मानण्याची गरज पडत नाही. शिष्य समजतो की शक्ती गुरूकडून येते, आणि मग स्वतःच्या सरावाकडे त्याचे दुर्लक्ष होऊ लागते. हा तोटा पैशाच्या फसवणुकीपेक्षाही मोठा आहे.

गैरसमज : हाताला मुंग्या आल्या, अंग तापले, म्हणजे प्रगती झाली

जोरजोराने श्वास घेतल्यावर तळहातांत मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोके हलके होते. अनेक वर्गांत यालाच ऊर्जा जागी झाल्याची खूण मानतात. कारण मात्र शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासातही साधारण ९५ ते ९९ टक्के प्राणवायूने भरलेले असते, त्यामुळे वेगाने श्वास घेऊन तिथे फारशी भर पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताची आम्लता घटते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुंग्या व चक्कर येते. योगाचे दावे उपकरणांनी तपासायला परंपरेचा विरोध असतो, असेही अनेकांना वाटते. पण स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले, ते या तपासणीसाठीच. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात दाब कसा बदलतो हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून पाहिले. ते स्वतः माधवदासजींचे शिष्य होते आणि तपासणीने त्यांची साधनेवरची निष्ठा उणावली नाही. मग सगळे अनुभव म्हणजे नुसती रसायने का, असे कोणी विचारील. तसे म्हणण्याची गरज नाही. इतकेच म्हणावे लागते की संवेदना हा प्रगतीचा पुरावा होऊ शकत नाही, कारण तीच संवेदना चुकीच्या सरावानेही येते. जाणता शिक्षक मुंग्यांचे कौतुक करत नाही, श्वास सौम्य करायला सांगतो.

गैरसमज : ध्यानाने कधी कुणाचे वाईट होत नाही

हा गैरसमज सर्वांत घातक, आणि गंमत म्हणजे जुन्या ग्रंथांनी तो कधीच पोसला नव्हता. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, डोके, कान आणि डोळ्यांची दुखणी होतात असा स्पष्ट इशारा देते. जपानमधले अठराव्या शतकातले झेन आचार्य हाकुइन यांनी अतिरेकी साधनेतून स्वतःला जडलेल्या विकाराचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि त्यावरचा उतारा म्हणून सौम्य, देहाला ऊब देणारी ध्यानपद्धती सांगितली आहे. चीनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी छीगोंगमधून उद्भवणाऱ्या विकारांची वेगळी नोंद केली, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानसिक विकारांच्या अधिकृत सूचीतही त्यांना जागा मिळाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानावरचे ८३ अभ्यास तपासले गेले. ध्यान करणाऱ्यांपैकी सरासरी ८.३ टक्के लोकांत चिंता, नैराश्य किंवा विचारांतील गोंधळ असे काही अनिष्ट परिणाम आढळले, आणि त्यात पूर्वी कोणताही मानसिक त्रास नसलेलेही होते. हा आकडा जपून वाचायला हवा. नियंत्रित प्रयोगांत तो ३.७ टक्के होता आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत ३३.२ टक्के, म्हणजे कसे मोजले यावर तो बराच अवलंबून आहे. शिवाय मानसोपचारातही साधारण इतकाच त्रास आढळतो, असे त्याच संशोधकांनी नमूद केले आहे. म्हणून हा आकडा घाबरण्यासाठी नव्हे, सावध राहण्यासाठी आहे. लाखो लोक घरी टीव्हीसमोर बसून प्राणायाम करतात, त्यांना कुठे काय होते, हा आक्षेपही रास्त आहे. त्याचे उत्तर प्रमाणात आहे. सकाळी दहा मिनिटे शांत बसणे आणि दहा दिवस मौन पाळून रोज सुमारे दहा तास बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शिक्षक नसला तरी सहसा चालते. दुसरीला नसणे धोक्याचे.

गैरसमज : पद्धत कळली की पुरे, ती पुस्तकातून किंवा व्हिडिओतून कळते

या म्हणण्याला धम्मगिरीच्या रचनेतूनच आधार मिळेल असे वरवर वाटते. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे १९५५ पासून विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी इथे शिबिरे सुरू केली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी आजही शिबिरांत सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात होतात. मग शिक्षकाची गरज कुठे उरली? ती उरते सभागृहात समोर बसलेल्या सहायक आचार्यांत. ते नवी पद्धत शिकवत नाहीत. साधकांना बोलावून सराव कसा चालला आहे ते विचारतात, दुपारी एकेकट्याला प्रश्न विचारायला वेळ देतात, कुणी अस्वस्थ झाला तर त्याचा सराव बदलतात. शिबिरात आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी न बोलण्याचा नियम, असला तरी आचार्यांशी बोलायला मोकळीक असते, ती याचसाठी. ध्वनिमुद्रण सर्वांना सारखीच सूचना देते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही. शेतात पाणी सोडणारा जसा बांधावर थांबून कुठे तुंबले, कुठे फुटले ते पाहतो, तसे पाहणारे कुणीतरी लागते. बुद्धाला कुठे गुरू होता, असे काहीजण म्हणतात. होता. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोघांकडे त्यांनी समाधीचे धडे घेतले, ते पुरते आत्मसात केले आणि मगच ते एकटे पुढे गेले. एकट्याने जाण्याचे ते उदाहरण आहेच, पण शिकून झाल्यावरचे.

गैरसमज : गुरू केला की शंका आणि औषध दोन्ही सोडायचे

ध्यानाचा उपयोग आहे, आणि त्याला मर्यादाही आहेत. २०१४ मध्ये ३,५१५ लोकांवरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी सुधारणा दिसली, पण व्यायाम, औषध किंवा अन्य उपचारांपेक्षा ते सरस ठरले नाही. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताई चीने तोल सुधारला आणि नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा पडण्याचे प्रमाण कमी झाले. लाभ ठोस आहे, पण या रुग्णांचा आजार त्याने बरा झाला असे कोणी म्हटले नाही. धम्मगिरीची नियमावलीही हेच सांगते : विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तिथे शिबिराची शिफारस केली जात नाही. शंकेच्या बाजूने कायदाही आहे : महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणे हा गुन्हा ठरवला आहे. परंपरेचा मान राखायचा तर शंका घेऊ नये, हा युक्तिवादही टिकत नाही. शंका विचारण्यासाठी वेळ राखून ठेवणारी परंपरा शंकेला अश्रद्धा मानत नाही.

यातून शिक्षक निवडण्याची कसोटी मिळते, आणि ती चीनच्या साधनेला जितकी लागू आहे तितकीच आपल्याकडच्या साधनेलाही. त्याला विचारावे, की सराव किती करायचा, त्रास झाला तर काय करायचे, कोणाला तुम्ही शिकवत नाही, माझे चालू औषध तुमच्या साधनेच्या आड येते का, आणि पैसे कशाचे घेता. धम्मगिरीत शिबिराचे शुल्क नाही. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर केंद्र चालते, त्यामुळे साधक टिकवून ठेवण्यात आचार्यांचा आर्थिक स्वार्थ उरत नाही. शुल्क घेणारा प्रत्येक जण खोटा असे मात्र नाही. पण ज्याची कमाई शिष्याच्या अनुभवांवर अवलंबून आहे, त्याला प्रत्येक मुंगीत प्रगती दिसण्याचा मोह होणार, हे धरून चालावे. ज्याने आजवर कुणालाही 'तुम्ही आत्ता हे करू नका' असे सांगितलेले नाही, त्याच्याकडे शिकायला जाण्यापेक्षा घरी दहा मिनिटे शांत बसणे अधिक सुरक्षित.